चोरओटीचे पेरू

ताज्या फळांच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली, तर त्याला ती खरीच वाटत नाही. माल आधी जातो आणि तपासणीचा रिपोर्ट मागून येतो. पेरू काही आमच्यासाठी थांबत नाही. बुधवारी पॅक केलेला पेरू गुरुवारी सकाळी मुंबईच्या दुकानात लागलेला असतो, शुक्रवारी कोणाच्या तरी डब्यात असतो, आणि त्याच पेरूवर कीटकनाशक किती राहिलंय याचा रिपोर्ट शनिवारी दुपारी माझ्या मेलवर येतो. रिपोर्ट चांगला आला तर तो कोणी उघडूनही बघत नाही. वाईट आला तर सगळा माल परत बोलवायचा. याला रिकॉल म्हणतात, आणि ते काम माझं आहे.

मी निवेदिता, कर्जतची. कुंभिवलीला हायवेलगत आमचं फळांचं पॅकहाऊस आहे, तिथे सहा वर्षं क्वालिटी बघते. आमच्या घरात सगळे शिक्षक. मी झाले नाही, पण बोलते मास्तरणीसारखीच, असं लाइनवरच्या बायका म्हणतात. खोटं नाही ते. माझ्या आवाजाला सगळ्या दबकतात, एक धोंडूबाई सोडून.

धोंडूबाई ग्रेडिंगच्या पट्ट्यावरच्या सगळ्यांत जुन्या. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं किरकोळ, नजर मात्र अशी की पट्ट्यावरून पळणाऱ्या पेरूचा खालचा डागही सुटायचा नाही. घर कुंभिवलीतच. भाताची जमीन होती, अर्धी रस्त्यात गेली, अर्धीत अजून भात लावतात. मुलगा हरेश खोपोलीच्या कारखान्यात आणि सून हर्षला घरी मुलांच्या शिकवण्या घेते. लग्नाला चार वर्षं झालेली.

दोन वर्षांपूर्वी हर्षलाला दिवस गेले होते. दुसरा महिना लागतो न लागतो तोच धोंडूबाईंनी अख्ख्या लाइनला पेढे वाटले. मलाही दिला होता. पंधरा दिवसांनी सगळं गेलं. त्यानंतर कोणीही भेटलं की आधी तोंड पाडायचं, मग विचारायचं, मग उपाय सांगायचे. धोंडूबाईंची धाकटी जाऊ विनिता आमच्याच लाइनवर आहे, तिनं तर हे दुःख गावभर पोचवलं. धोंडूबाईंनी मनाशी पक्कं केलं की नजर लागली, आणि ती आपल्याच तोंडामुळे लागली. मला हे पटत नाही. पण त्या पेढ्याची चव आठवली की मलाही कसंतरी होतं, हेही खरं.

म्हणून या खेपेला त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. तिसरा महिना लागला तरी वर्दी नाही. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. दार लोटून घ्यायचं, सासू किंवा आई तेवढी समोर, हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि पाच फळं. शेजारणीला सांगायचं नाही, जावेलाही नाही. पोट दिसायला लागेपर्यंत ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही. धोंडूबाईंनी मार्गशीर्षातला गुरुवार धरला, कारण त्या दिवशी घरोघर देवीपुढे पाच फळं असतातच, कोणाला संशय यायचा नाही. हे सगळं मला नंतर कळलं. बुधवारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी सुटायच्या वेळी त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, पाच पेरू पायजेत. पयल्या नंबरचे."

"गुरुवारचे ना? मग दुय्यम मालातले घ्या की. बाकीच्या तेच नेतात."

"डागाचं नको मला."

"आणि पाचही पेरूच? पाच वेगवेगळी फळं ठेवतात ना? तुमच्या देवीला एकाच फळाचा नाद दिसतोय."

"माज्या देवीला पेरूच आवडतात," त्या म्हणाल्या आणि हसल्या. धोंडूबाई सहसा हसत नाहीत. मला इतकं बरं वाटलं की मी स्वतः उठले. कशेळ्याच्या बागेतून त्या दिवशी मोठा, गुलाबी गराचा पेरू आला होता. त्यातले एकसारखे पाच मी हातानं निवडले, जाळीसकट पिशवीत घातले आणि कागदावर 'खराब, पाच नग' असं लिहून टाकलं. मला माझंच कौतुक वाटलं त्या दिवशी.

शनिवारी दुपारी रिपोर्ट आला. मर्यादेच्या बावीस पट. मी आकडा दोनदा वाचला, मग लॅबला फोन केला. त्यांनीही नमुना दोनदा तपासला होता. औषधाचं नाव मी इथे लिहीत नाही, पण ते फळावर मारायचंच नसतं.

कशेळ्याच्या पुढे मुंबईच्या एका मालकाची ती बाग आहे. तिथे सगळं साईनाथ बघतो. त्याला फोन लावला.

"साईनाथ, पेरूवर शेवटचं काय मारलंत?"

"पिठ्या ढेकूण पडला व्हता, मॅडम. मालक बोलले, एक जरी किडा दिसला तं माल परत येईल. त्यांनीच औषध आणून दिलं."

"बाटलीवर काय लिहिलंय?"

"कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून आणलेलं व्हतं. त्यावर काय लिवलेलं असनार?"

"कधी मारलंत?"

"सोमवारी. पिशव्या काढून मारलं, परत पिशव्या घातल्या. मंगळवारी माल काढला."

म्हणजे झाडावरच्या फळाला औषध मारून त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलं होतं. उन्हानं वाऱ्यानं जे काही उडालं असतं तेही आतच राहिलं. मी साईनाथवर ओरडले. मालकाचा फोन लागला नाही, तो काही त्या दिवशी लागणार नव्हता.

मग तेवीस दुकानांना फोन, मेल, बॅच नंबर, फोटो. हे करता करता चार वाजले. आमचे मॅनेजर मिहीर सर माझ्याहून लहान आहेत, पण फॉर्मच्या बाबतीत एकदम काटेकोर. त्यांनी रिकॉलचा फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक रकाना आहे: कर्मचाऱ्यांनी हा माल घरी नेला आहे काय, आणि गरोदर स्त्रिया किंवा लहान मुलांच्या खाण्यात आला आहे काय.

मी बाहेर गेले, पट्टा थांबवला आणि अठरा बायकांसमोर मोठ्यानं विचारलं. कसं, तर वर्गात हजेरी घ्यावी तसं.

"बुधवारचा पेरू कोणी घरी नेला होता?"

तिघींनी हात वर केले. दुय्यम मालातले नेले होते, अजून खाल्ले नव्हते. त्यावर विषारी औषध आहे, कोणी तोंडाला लावू नका, उद्या जसेच्या तसे आणून द्या, असं मी बजावलं. मग मला आठवलं.

"धोंडूबाई, तुमचे पाच?"

त्या हातमोजे काढत होत्या. काढता काढता थांबल्या.

"ते देवीपुढचे. शुक्रवारी गाईला घातले."

"गाय बरी आहे ना?"

"बरी हाय."

"आता नीट ऐका. कोणाच्या घरात दोन जिवांची बाई आहे का? लाजू नका, सांगा. महत्त्वाचं आहे."

विनिता खळखळून हसली. "आमच्या जाऊबायना विचारा, मॅडम! पेढे कदी देनार त्या? आमी तं वाटच बघतोय."

सगळ्या हसल्या. मीही थोडी हसले असेन. धोंडूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी नंतर पुन्हा पुन्हा आठवून बघितली आहे. तिच्यात काहीतरी होतं आणि ते मला वाचता यायला हवं होतं. एक पाऊल पुढे टाकून त्यांना बाजूला घेतलं असतं, कोपऱ्यात नेऊन हळू विचारलं असतं, तर पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं.

"नाय," धोंडूबाई म्हणाल्या. "आमच्याकडं कोणी नाय."

मी रकान्यात 'नाही' अशी खूण केली.

रविवारी सुट्टी असूनही दहा बायकांना बोलावलं होतं, कारण मुंबईहून परतलेली खोकी यायला लागली होती. प्रत्येक पेरू कापायचा, मागच्या खड्ड्यात टाकायचा, वर चुना पसरायचा. कापलेले पेरू कोणी उचलून नेत नाही म्हणून कापायचे. बायका हळहळत होत्या. एवढं देखणं फळ मातीत घालताना हात जड होतातच.

धोंडूबाई सकाळी वेळेवर आल्या होत्या. नऊ वाजता त्या दोनदा उठून तोंड धुऊन आल्या. साडेनऊला मी बघितलं तर कपाळावरून घाम ओघळत होता. डिसेंबरची सकाळ, आम्ही सगळ्या स्वेटरमध्ये. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, तो ओला झाला. विनितानं विचारलं, "उपाशी आलीस का गं, बाय?" त्यावर धोंडूबाई उठायला गेल्या आणि पोट धरून तशाच खाली बसल्या.

माझ्या ऑफिसच्या भिंतीवर एक तक्ता आहे. फवारणीच्या औषधाची बाधा कशी ओळखाल. दर सहा महिन्यांनी बायकांना समोर बसवून मी तो वाचून दाखवते. घाम, लाळ, पोटात मुरडा, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. मी त्यांची हनुवटी धरून डोळे बघितले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

टेंपोत घालून खोपोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर विचारत होते, सकाळपासून काय खाल्लं? धोंडूबाई म्हणत होत्या, चाय. दुसरं काय? चाय. मी डॉक्टरांना तक्त्यावरची लक्षणं आणि आमच्या रिपोर्टचं सांगितलं, औषधाचं नाव सांगितलं. त्यांनी मग वेळ घालवला नाही. एकामागून एक इंजेक्शनं दिली. अर्ध्या तासानं धोंडूबाईंचा श्वास जरा मोकळा झाला, तेव्हा मी खुर्ची जवळ ओढली.

"धोंडूबाई, ते पेरू गाईनं खाल्ले की तुम्ही?"

"मी."

"किती?"

"तीन. सकाळी. हर्षला उठायच्या आत."

"आणि बाकीचे दोन?"

त्या दाराकडे बघत राहिल्या. बाहेर हरेश आलेला होता, पावतीच्या खिडकीपाशी उभा होता. आणि मला एकदम सगळं दिसलं. मार्गशीर्षातला गुरुवार, पाच फळं, पाचही एकच, पयल्या नंबरची, डाग नको. माझी स्वतःची चोरओटी मावशीनं भरली होती, स्वयंपाकघराचं दार लोटून. मी काही परदेशातून आलेली नाही. मला हे बुधवारीच कळायला हवं होतं.

"हर्षला?" मी त्यांच्या कानाशी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. पाणी घळाघळा वाहत होतं. ते बाधेचं होतं की रडण्याचं, सांगता येत नव्हतं.

"गुरुवारी ओटी भरली, ताई." लाइनवर मी मॅडम असते, त्या दिवशी पहिल्यांदा ताई झाले. "तिचा उपास व्हता. उपाशी पोटी एक खाल्ला, मीठ लावून. लय आवडला तिला. शुक्रवारी अजून एक."

"मग?"

"शुक्रवारी दुपारपास्नं उलट्या. पोटात दुकतंय बोलली. घामानं भिजली." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी बोलले, कडक डोहाळे हायत. पोरानं घट्ट धरलंय. गेल्या टायमाला तिला एक पन उलटी झाली नवती ना. मी खूश होते, ताई. ती उलट्या करत व्हती न मी खूश होते."

माझ्याही सासूबाईंनी माझ्या उलट्यांवर असाच आनंद केला होता.

पण राग आला, तो आवरला नाही. "मी काल एवढं घसा फोडून सांगितलं. तीन उरले होते ना? मग फेकून का नाही दिलेत?"

"वटीतलं उकिरड्यावर टाकू? पोट उकिरड्यावर टाकल्यासारखं नाय का ते?"

"मग तिच्याकडून काढून घ्यायचे."

"भरलेली वटी परत घेत नायत." हे त्यांनी मला अगदी समजावून सांगितलं, मला ठाऊक नसावं तसं. "परत मागितली तं ती इचारनार, का वो आई? मंग काय सांगू? मी मिठाच्या पान्यानं धुतले तिन्ही. तरी तिला द्यायला हात होईना. घरातल्यानं खाल्लेलं चालतं. म्हनून मीच खाल्ले."

खाटेच्या लोखंडी कडेवर त्यांचा हात होता, त्यावर मी हात ठेवला.

"हरेशला पेरूचं बोलू नका," त्या म्हणाल्या. "तुमाला माजी आन हाय."

मी बाहेर जाऊन हरेशला सांगितलं, आईंना बाधा झाली आहे, फळांवर औषध होतं, काम करताना पोटात गेलं असेल. आणि हर्षलाला उलट्या फार होतायत असं आई म्हणतात, तिला आजच्या आज दाखवून आण. कर्जतला माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांचा नंबर दिला. तो माझ्याकडे बघतच राहिला. आईनं हे परक्या बाईला सांगितलं याचं त्याला नवल वाटलं असणार. मग तो पळाला.

डॉक्टरीणबाईंना मी स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं. दोन पेरू, किती मोठे, कोणतं औषध, कधी खाल्ले. त्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी पाचला त्यांचा फोन आला. हर्षलाची तब्येत ठीक होती, अशक्तपणा होता, सलाईन लावलं होतं. पंधरा दिवसांपूर्वीच्या सोनोग्राफीत ठोके नीट होते. आता ठोके नव्हते.

"पेरूमुळे?" मी विचारलं.

"निवेदिता, मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत असं होतं. तिचं आधीही झालेलं आहे. आता हे कशानं झालं, ते कोणतीही तपासणी सांगणार नाही."

"बरं."

"तिला मी पेरूबद्दल सांगू का? तिला काहीच माहीत नाही असं दिसतंय."

शपथ मला आठवली, आणि शपथेमागे लपायला मला जागाही मिळाली. "घरचे सांगतील," मी म्हटलं.

मंगळवारी हर्षलाची गर्भपिशवी साफ करावी लागली. त्याच दिवशी धोंडूबाईंना घरी सोडलं.

पॅकहाऊसमध्ये रिकॉल संपत आला होता. दोनशे बारा खोक्यांपैकी एकशे एकाहत्तर परत आली. बाकीची लोकांच्या पोटात गेली. त्यांतल्या कोणाला उलट्या झाल्या असतील तर त्यांनीही त्याला दुसरंच काही कारण दिलं असेल, बाहेरचं खाल्लं, पाणी बदललं, पित्त झालं. तक्रार एकाचीही आली नाही. शेवटच्या पानावर एकच रकाना उरला होता: मालाच्या सेवनामुळे झालेले प्रतिकूल परिणाम.

"निरंक लिहून टाका," मिहीर सर म्हणाले.

"धोंडूबाई तीन दिवस दवाखान्यात होत्या, सर."

"ते कामावर असताना हाताळणीत झालं. ते वेगळ्या फॉर्मवर जाईल. हा सेवनाचा आहे."

"त्यांनी तीन पेरू खाल्ले. आणि घरात आणखी एकीनं दोन खाल्ले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठून आले ते पेरू? कागदावर तर पाच नग खराब दिसतायत."

तेही वाईट माणूस नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं, "त्या बाई लेखी देत असतील तर मी अडवणार नाही. तुमच्या त्या पाच नगांसकट सगळं जाऊ दे वर. विचारून या."

मी गेले. जाताना रस्ताभर मनात भाषण जुळवत होते. हे लिहिलंच पाहिजे. नाही लिहिलं तर त्या बागेचा मालक उद्या दुसऱ्या नावानं दुसरीकडे माल घालील, साईनाथ पुन्हा कोणाच्या तरी बाटलीतून औषध मारील, आणि पुन्हा कोणाच्या तरी ओटीत ते जाईल. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. स्कूटरवर मी फार शूर होते.

धोंडूबाई पडवीत बसल्या होत्या, तांदूळ निवडत. डोळे खोल गेले होते. मी शेजारी बसून फॉर्मचं सांगितलं, हळू आवाजात, नीट समजावून. तुमचं नाव येईल, हर्षलाचं नाव न घालताही लिहिता येईल, पण लिहावं लागेल की घरातल्या गरोदर बाईनं हा माल खाल्ला आणि तिचं मूल गेलं.

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"पोर हाय हे मी कोनाला बोलले नाय, ताई. विनिताला नाय, माज्या सख्ख्या बहिनीला नाय. मंग आता गेलं हे कोनाला बोलू? कोन इचारायला येनार? कोनासमोर रडू मी?" त्यांचा आवाज वर गेला नाही. "गेल्या टायमाला अख्खं गाव रडायला आलं व्हतं. मला त्याचा राग आला व्हता. आता कोनीच नाय."

"म्हणूनच लिहू या."

"न मी काय लिवून देऊ? माज्या हातानं वटीत घातलं, असं?"

मी फॉर्म पर्समध्येच राहू दिला. कारण त्यांच्या हातात ते मी दिले होते, आणि हे त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. आजारपणात नाही, आताही नाही. त्यांच्या मनात तसं आलंही नसावं. त्या म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात हर्षला चहा घेऊन आली. मी तिला जवळून पहिल्यांदाच बघत होते. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर रंग नाही. तिनं कप माझ्या हातात दिला आणि तिथेच उंबऱ्याला टेकून उभी राहिली. काहीतरी विचारायचं होतं तिला.

"मॅडम, त्या कर्जतच्या डॉक्टर तुमच्या ओळखीच्या आहेत ना? त्या मला नीट काही सांगत नाहीत. नुसतं, होतं असं, म्हणतात." तिनं सासूकडे एकदा बघून घेतलं आणि भराभर बोलली. "दोनदा झालं. या वेळी तर मी काहीच केलं नाही. जड उचललं नाही, गाडीवर बसले नाही, बाहेरचं खाल्लं नाही. आई म्हणतील तेच खाल्लं. मग माझ्यातच काहीतरी कमी आहे ना? तुम्ही विचाराल का त्यांना? मला सांगणार नाहीत, तुम्हाला सांगतील. खरं असेल तर मी हरेशना मोकळं करीन, त्यांनी दुसरं लग्न केलं तरी माझी ना नाही."

धोंडूबाईंचा हात सुपात थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

माझ्या पर्समध्ये फॉर्म होता. पेन होतं. समोरच्या पोरीला एक वाक्य हवं होतं, आणि ते खरं असल्याची खात्री नसली तरी तिला आयुष्यभर पुरलं असतं. गुरुवारच्या पेरूंवर विष होतं. एवढंच. पण ते बोललं की पुढचा प्रश्न होता, मग ते ओटीत कोणी घातले, आणि त्याच्या पुढचा, त्यांना ते दिले कोणी. मी धोंडूबाईंकडे बघितलं. त्या तांदळातच बघत होत्या. ही शपथ त्यांनी घातली होती, पण त्या घटकेला मी ती त्यांच्यासाठी पाळली नाही. माझ्यासाठी पाळली.

"तुझ्यात काही कमी नाही गं," मी म्हटलं. "असं होतं कधीकधी."

"तुम्ही पण तेच बोलता," हर्षला म्हणाली आणि आत गेली.

मी चहा संपवला. पॅकहाऊसवर परत येऊन रकान्यात 'निरंक' लिहिलं आणि सही केली. सही करताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची मला आजही किळस येते. सोमवारी धोंडूबाई कामावर आल्या. विनितानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं बाय, सुनंची काय खुशखबर?" धोंडूबाई म्हणाल्या, "अजून नाय गं." मी पट्टा सुरू केला.